घराखालचा फाटलेला प्लास्टिकचा कागद

आपल्या भागातील शेतकरी कुटुंबांत माणसे आणि धान्य बहुधा एकाच छपराखाली राहतात. ज्या खोलीत तुरीची आणि ज्वारीची पोती रचलेली असतात, तिच्या शेजारच्या खोलीत, आणि पुष्कळदा त्याच खोलीत, मुले चटई टाकून झोपतात. म्हणून जमिनीतून वर येणारी ओल आपले दुहेरी नुकसान करते. ती पोत्यातला दाणा बिघडवते आणि झोपलेल्या लेकरांची छातीही बिघडवते.

हे टाळावे म्हणून अलीकडे नवीन घर बांधताना, किंवा जुन्या घरात शेणाची जमीन काढून शहाबादी फरशी बसवताना, पुष्कळजण फरशीखाली प्लास्टिकचा कागद अंथरून घेतात. ही चांगली गोष्ट आहे. परंतु कागद एकदा फरशीखाली गेला म्हणजे त्याची आठवण कोणालाच राहत नाही. पुढे दोन-चार पावसाळे गेल्यावर कोपऱ्यातली फरशी काळी पडू लागते, पोत्याचा तळ दमट लागतो, आणि मग "प्लास्टिक घालूनही ओल आलीच, पैसे पाण्यात गेले" असे उद्गार कानी येतात.

आमचे म्हणणे असे, की अशा वेळी तीनपैकी एक गोष्ट झालेली असू शकते. कागद कोठेतरी फाटला असेल. किंवा तो भिंतीपाशी अपुरा पडला असेल. किंवा ओल मुळी जमिनीतून येतच नसेल. ह्यांपैकी नेमके काय झाले आहे हे ओळखल्याशिवाय पहार हाती घेऊ नये. हे ओळखावे कसे, आणि कागद फाटलाच असेल तर त्याला ठिगळ कसे लावावे, एवढेच ह्या लेखात सांगावयाचे आहे.

जमिनीतली ओल वर का चढते?

समईतली वात तेलात बुडालेली असते, आणि तेल आपोआप वातीच्या टोकापर्यंत चढते. मातीचेही तसेच आहे. मातीच्या कणांमधील बारीक फटी म्हणजे जणू हजारो वाती होत. माती जितकी बारीक, तितकी ओल उंच चढते. जाड वाळूत किंवा भरड मुरमात फटी मोठ्या असतात, म्हणून तेथे ओल फार वर चढू शकत नाही. आपल्या वाडवडिलांना हे अनुभवाने ठाऊक होते. ते धान्याचे पेव काळ्या रानात न खणता उंचावरच्या कोरड्या मुरमाड जागी खणत, आणि आतून कडब्याचा जाड थर देत.

आपल्या दोन्ही जिल्ह्यांची जमीन सारखी नाही. बिदरचे पठार तांबड्या जांभ्या दगडाचे आहे. जांभा सच्छिद्र असतो. पावसाचे पाणी तो पोटात घेतो, ते खालच्या काळ्या पाषाणापर्यंत उतरते, आणि तेथे अडून बाजूने झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते. बिदरचा नानक झिरा हा झरा आणि नौबादजवळचे बहामनी काळातले भुयारी पाण्याचे कारेझ ह्यांच्यामागे जमिनीचा हाच गुण आहे. पठारावरून खाली उतरून आळंद, अफजलपूर, चित्तापूरकडे गेले, की भारी काळी जमीन लागते. ही जमीन पाणी धरून ठेवते. पावसाळ्यात ती फुगते, आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. म्हणजे तिच्यामुळे दोन त्रास होतात. पाऊस थांबल्यावरही ती कित्येक दिवस पायाशी ओल धरून बसते. आणि तिच्या फुगण्या-आकसण्याने वरची फरशी हलते व मधला कागद ताणला जातो.

येथे एक शंका येईल. पूर्वी शेणाने सारवलेल्या जमिनी होत्या, प्लास्टिक कोठेच नव्हते, तरी घरे टिकलीच ना? टिकली, कारण सारवलेली जमीन श्वास घेते. ओल वर येई आणि हवेत उडून जाई. फरशी किंवा सिमेंटचा कोबा घातला, की ही वाट बंद होते. मग अडलेली ओल फरशीच्या सांध्यांतून आणि भिंतीच्या कडेने वाट काढते. भिंतीला पांढरा लोणा लागतो, गिलावा पापुद्र्यांनी सुटू लागतो. म्हणून जमीन वरून बंद केली, की खालूनही ती नीट बंद करावी लागते. अमेरिकेत पुष्कळ घरांच्या लाकडी जमिनीखाली रांगत जाण्याएवढी पोकळी ठेवलेली असते, आणि तेथील उघड्या मातीवर असाच कागद पसरतात. तो फाटला, की त्यांच्याही तुळया ओल धरतात. घर निराळे असले तरी तत्त्व एकच आहे.

ओलीने काय बिघडते?

ओलसर घरातल्या भिंतींवर, गोधड्यांवर आणि पोत्यांवर बुरशी धरते. तिचे सूक्ष्म कण हवेत उडतात आणि श्वासाबरोबर छातीत जातात. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातील ओल व बुरशी ह्या विषयावर मार्गदर्शक पुस्तिका काढली. ओलसर घरात राहणाऱ्यांना खोकला, धाप, दमा ह्यांचा त्रास अधिक होतो, असे तीत स्पष्ट म्हटले आहे. जी मुले जमिनीवर निजतात, त्यांच्या तोंडाशीच ही हवा असते. मुलाचा खोकला पावसाळाभर हटत नसेल, तर औषध चालू ठेवावेच, पण त्याच्या अंथरुणाखालची फरशीही हात लावून पाहावी.

धान्याची गोष्ट तर अधिक गंभीर आहे. १९७४ साली राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल ह्या भागांत अवकाळी पावसाने भिजलेला मका लोकांनी घरात साठवला व खाल्ला. त्यावर वाढलेल्या बुरशीच्या विषाने, ज्याला अफ्लाटॉक्सिन म्हणतात, यकृत बिघडून सुमारे ४०० माणसे आजारी पडली. त्यांपैकी १०६ दगावली. १९९५ साली तर आपल्या दख्खनच्या पठारावरच काही गावांत बुरशी धरलेली ज्वारी आणि मका खाऊन लोकांना पोटदुखी व जुलाब झाले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी त्या घरांतील धान्य तपासले, तेव्हा त्यात फ्युमोनिसिन नावाचे बुरशीचे विष सापडले. ह्या दोन्ही वेळी पाणी पावसाचे होते, घराच्या जमिनीतले नव्हते, हे खरे. पण पाणी वरून आले की खालून, ह्याच्याशी बुरशीला कर्तव्य नसते. दाण्यात ओलावा भरला, की तिचे काम सुरू होते.

आणखी एक लक्षात ठेवावे. हे विष धुतल्याने जात नाही आणि भाकरी भाजल्यानेही जात नाही. बुरशीचे धान्य "जनावरांना घालू" असेही म्हणू नये. दुभत्या गाईम्हशीने ते खाल्ले, तर अफ्लाटॉक्सिनचा अंश दुधात उतरतो आणि पुन्हा आपल्याच लेकरांच्या पोटात जातो.

पैशाचा हिशेबही आहेच. गुलबर्गा तूरडाळीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. हे नाव आपल्या मालाला किंमत मिळवून देऊ शकते, पण बाजारात पोते उघडल्यावर कुबट वास आला, तर नाव कामी येत नाही.

ओल कोठून येते ते आधी ओळखावे

भर पावसाळ्यात फरशीवर पाणी दिसले, की ते जमिनीतूनच आले असे समजू नये. गार पाण्याने भरलेला तांब्या ठेवला, तर त्याच्या बाहेरच्या अंगाला घाम येतो. ते पाणी तांब्यातून झिरपलेले नसते. दमट हवेतले असते. शहाबादी फरशी गार असते. आषाढ-श्रावणातली दमट हवा तिच्यावर आली, की तिलाही तसाच घाम फुटतो. ही ओल कागदाला ठिगळ लावून जाणार नाही. त्यासाठी खोलीत हवा खेळती ठेवणे, चुलीची व न्हाणीची वाफ बाहेर जाऊ देणे, आणि पोती फरशीपासून उंच ठेवणे हेच उपाय आहेत.

दोन्हींतला फरक ओळखण्याची एक सोपी परीक्षा आहे. चांगल्या पारदर्शक प्लास्टिकचा दीड फूट लांब व दीड फूट रुंद तुकडा घ्यावा. संशयाच्या जागी फरशी पुसून कोरडी करावी, तुकडा पसरावा आणि चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद कराव्यात. एक दिवस आणि एक रात्र तो तसाच ठेवावा. मग पाहावे. पाण्याचे थेंब तुकड्याच्या खालच्या अंगाला असतील, किंवा खालची फरशी काळवंडली असेल, तर ओल जमिनीतून येत आहे. थेंब वरच्या अंगाला असतील आणि खाली कोरडे असेल, तर ती हवेतली आहे. ही परीक्षा खोलीत चार-पाच ठिकाणी करावी. एक जागा भिंतीलगत, एक खोलीच्या मध्यावर आणि एक खांबाजवळ अवश्य असावी. कोठे किती ओल आहे, ते खडूने फरशीवरच लिहून ठेवावे. हाच पुढे आपला नकाशा होतो.

बाहेरचे पाणी आधी हटवावे

जमिनीतून ओल येते असे ठरले, तरी फरशी उकरण्यापूर्वी घराला एक फेरी मारावी. न्हाणीचे किंवा मोरीचे पाणी भिंतीशी मुरते काय? पत्र्याच्या पागोळ्या थेट पायाशी पडतात काय? पाण्याची टाकी किंवा नळ गळतो काय? गोठ्याचे मूत्र घराकडे वाहते काय? भिंतीला लागून उकिरडा किंवा मातीचा ढीग जोत्याच्या वर चढला आहे काय? ह्यांपैकी काहीही असले, तर आधी ते दूर करावे. भिंतीपासून दहा फुटांत जमिनीला सहा इंच उतार मिळाला, म्हणजे पावसाचे पाणी घरापासून दूर वाहून जाते. टोपलीभर मुरूम आणि एका दिवसाची मेहनत एवढ्यावर कित्येकदा निम्मे काम होते. ज्या पायाशी रोज दहा घागरी पाणी मुरते, त्या पायावरच्या कागदाला कितीही ठिगळे लावली तरी पुरी पडणार नाहीत.

सामान कोणते घ्यावे?

कागद : पॉलिथिनचा, निदान १००० गेज म्हणजे २५० मायक्रॉन जाडीचा असावा. बाजारच्या पातळ पिशव्या चालणार नाहीत. वाळूतला एखादा खडा त्यांना भोक पाडतो. खताची रिकामी पोती उसवून घालण्याची पद्धतही सोडावी. त्यांना क्षार चिकटलेले असतात, आणि क्षार ओल ओढून घेतात. शेततळ्याचा उरलेला जाड कागद कोणाकडे असेल, तर तो चांगला उपयोगी पडतो. मात्र तो उन्हात पडून कडक झालेला नसावा. घडी घालून बोटांनी दाबावी. घडीवर तडा गेला, तर तो कागद टाकून द्यावा.

जोडण्याचे साधन : पॉलिथिन हे मेणासारखे गुळगुळीत असते. त्याला सुताराचा डिंक धरत नाही, सिमेंटही धरत नाही. कचेरीत वापरतात ती पातळ चिकटपट्टी थोड्याच दिवसांत सुटते. हरितगृहाचा कागद जोडण्याची रुंद चिकटपट्टी किंवा ब्यूटाइल रबराची पट्टी आणावी. उकळते डांबर ओतून सांधा भरण्याचा मोह काहींना होतो. ते करू नये. उकळत्या डांबराच्या उष्णतेने कागद वितळतो आणि लहान भोकाचे मोठे होते.

ह्याखेरीज स्वच्छ चाळलेली वाळू, मुरूम, धुम्मस, कोरडी फडकी, साबणाचे पाणी आणि जाड हातमोजे लागतील.

दुरुस्तीची रीत

काम वैशाखात, मृगाच्या आधी करावे. तेव्हा जमीन सर्वांत कोरडी असते. ओल्या कागदाला पट्टी चिकटत नाही, आणि ओली वाळू कागदाच्या वर कोंडली गेली, तर ठिगळ चांगले असूनही फरशी पुढे बरेच दिवस दमट राहते.

१. खोली रिकामी करावी. दम्याचे माणूस आणि लहान मुले त्या दिवसांत दुसरीकडे निजवावीत. भिंतीवर बुरशी असेल तर ती कोरड्या झाडूने झाडू नये, कारण तिचे कण घरभर उडतात. साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसावी, आणि पुसताना तोंडा-नाकावर कापड बांधावे.

२. खडूच्या नकाशाप्रमाणे सर्वांत ओली फरशी आधी काढावी. सांध्यातला सिमेंट छिन्नीने सोडवून फरशी पहारेने सावकाश उचलावी. फरशीखाली विंचू किंवा साप असण्याचा संभव असतो, म्हणून हात न घालता आधी पहारेनेच उघडून पाहावे. विजेची तार किंवा अर्थिंग त्या बाजूने गेले असेल, तर मुख्य बटण बंद करून ठेवावे.

३. वरची ओली वाळू हाताने किंवा पाटीने काढावी. फावडे वापरले, तर आपणच आणखी चार ठिकाणी कागद फाडू. ओल्या डागाच्या बरोबर खालीच भोक सापडेल असे नाही, कारण वर आलेली ओल कागदावरच्या वाळूत पसरते. म्हणून सगळीकडून कोरडा, धड कागद लागेपर्यंत उघडत जावे.

४. कागद कशाने फाटला ते पाहावे. टोकदार दगड होता काय? घुशीने कुरतडला काय? खांब रोवताना कापला गेला काय? काळी माती फुगून वर आली काय? कारण तसेच राहू दिले, तर ठिगळही फाटेल. दगड काढून टाकावा. घुशीचे बीळ काचेचे तुकडे घातलेल्या सिमेंटने बुजवावे. खाली काळी माती असेल, तर तेवढ्या जागेपुरता कागद उलगडून सहा ते नऊ इंच माती काढावी, तेथे मुरूम थराथराने भरून धुम्मस करावा, आणि वर दोन इंच चाळलेली वाळू सपाट करावी.

५. कागद आधी कोरड्या फडक्याने, मग साबणाच्या पाण्याने पुसून पूर्ण वाळू द्यावा. लांब चीर असेल, तर तिच्या दोन्ही टोकांना कात्रीने लहानसे गोल भोक पाडावे. टोकदार चीर ताण पडला की पुढे धावते. गोल टोकापाशी ती थांबते.

६. ठिगळ भोकापेक्षा चारही बाजूंनी निदान सहा इंच मोठे कापावे. म्हणजे एक फूट लांबीच्या चिरेला दोन फूट लांब आणि सुमारे एक फूट रुंद तुकडा लागेल. त्याचे कोपरे गोल करावेत. चौकोनी कोपरे आधी उचकटतात. ठिगळ पसरून मध्यापासून कडेकडे फडक्याच्या बोळ्याने दाबत न्यावे, म्हणजे आत हवा राहत नाही. मग चारही कडांवर रुंद पट्टी अशी लावावी, की तिचा अर्धा भाग ठिगळावर आणि अर्धा जुन्या कागदावर येईल. पट्टीच्या कोपऱ्यांवर अधिक दाब द्यावा.

७. कागद एका जागी नसून पुष्कळ ठिकाणी विरलेला असेल, तर ठिगळांचा नाद सोडून भिंतीपासून भिंतीपर्यंत नवा कागद घालावा. दोन पट्टे जोडताना ते एकमेकांवर एक फूट यावेत. समजा, खोली दहा फूट रुंद आणि बारा फूट लांब आहे. चारही भिंतींवर सहा इंच कागद वर चढवावयाचा, म्हणजे ११ गुणिले १३ फूट, असा १४३ चौरस फूट कागद हवा. तो दोन पट्ट्यांत घेतला, तर मधल्या एक फुटाच्या जोडासह प्रत्येक पट्टा ६ गुणिले १३ फूट, म्हणजे दोन मिळून १५६ चौरस फूट धरावा.

८. भिंतीची कड आणि खांब ह्यांकडे विशेष लक्ष द्यावे. गवंडी घाईत भिंतीपाशी कागद बरोबर कापतो, आणि ओलीला तीच फट पुरते. कागद भिंतीवर फरशीच्या वरच्या पातळीपर्यंत तरी चढवावा आणि पट्टीने धरावा. जास्तीचा भाग नंतर फरशीच्या काठपट्टीआड झाकला जातो. खांबाभोवती कागदाची चीर नुसती जुळवून ठेवू नये. सदऱ्याची कॉलर जशी गळ्याभोवती बसते, तसा निराळा तुकडा खांबाभोवती वर चढवून पट्टीने आवळावा.

९. कागदावर दीड-दोन इंच कोरडी, चाळलेली वाळू हळूच पसरावी. तिच्यावर माल पसरून फरशी पुन्हा बसवावी आणि सांधे भरावेत. बसवताना पहारेचे टोक खाली टेकू देऊ नये. गवंड्याशी आपली बोली कानडी असो वा मराठी, काम सुरू होण्याआधीच त्याला सांगावे, की खालचा कागद धड राहणे हेच आजचे मुख्य काम आहे. फरशी सुबक दिसणे त्यानंतरचे.

कागदाने काय होत नाही

कागद फरशीखालची ओल अडवतो. भिंतीच्या पोटातून चढणारी ओल अडवीत नाही. जुन्या दगड-मातीच्या भिंतींत ओल अडवणारा थर मुळीच नसतो. अशा भिंतीला लोणा लागला असेल, तर बाहेरचे पाणी हटवावे आणि सिमेंटच्या घट्ट गिलाव्याऐवजी श्वास घेणारा चुन्याचा गिलावा करावा. सिमेंटने भिंत बंद केली, तर ओल आणखी वर चढते. वाळवीलाही कागद अडवीत नाही. ती त्याला वळसा घालते किंवा पोखरून जाते.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. दुरुस्तीच्या भरात भिंतीच्या पायालगत खोल खणू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे आपल्या सीमेपलीकडे किल्लारीला भूकंप झाला, आणि सुमारे दहा हजार माणसे गेली. त्यांतील पुष्कळांचा जीव जाड दगड-मातीच्या भिंती आणि वरचे जड माळवद कोसळल्याने गेला. आपल्याकडेही तशी घरे आहेत. अशा घरात पायाच्या बुडापर्यंत माती काढली, तर भूकंप नसतानाही भिंत बसू शकते. भिंतीजवळ सहा-नऊ इंचांहून खोल जाण्याची वेळ आली, तर जाणत्या गवंड्याला विचारून, थोडे थोडे, एका वेळी दोन-तीन फूट लांबीपुरतेच काम करावे.

दुरुस्तीनंतर

नव्या मालातले पाणी खाली जाऊ शकत नाही, कारण खाली कागद आहे. ते वरूनच सुकते आणि त्याला वेळ लागतो. म्हणून निदान एक महिना त्या फरशीवर पोती रचू नयेत, चटईही कायमची अंथरून ठेवू नये. दारे-खिडक्या कोरड्या हवेत उघड्या ठेवाव्यात. महिन्यानंतर दीड फुटाच्या तुकड्याची तीच परीक्षा त्याच जागी पुन्हा करावी. खालचे अंग कोरडे राहिले, तर ठिगळ धरले असे समजावे. पावसाळ्याच्या मध्यावर एकदा आणि शेवटी एकदा अशी आणखी दोनदा परीक्षा घ्यावी, कारण कागदाची खरी कसोटी तेव्हाच लागते.

कागद धड आहे म्हणून पोती थेट फरशीवर ठेवावीत असे मात्र नाही. फरशीच्या घामाचे आपण वर पाहिलेच आहे. पोत्यांखाली फळ्यांची घडवंची असावी, आणि पोती भिंतीपासून निदान एक हात दूर असावीत, म्हणजे हवा खेळते आणि घुशीचा माग दिसतो. धान्य भरण्यापूर्वी ते उन्हात चांगले वाळवावे. ज्वारीत व तुरीत ओलावा शेकडा १२ हून अधिक नसावा. यंत्र नसेल तर दाणा दाताखाली धरावा. तो कडकन फुटला पाहिजे, चावला जाता कामा नये. पोत्याच्या तळाशी महिन्यातून एकदा हात घालावा. कुबट वास, गरमपणा किंवा दाण्याला दाणा चिकटलेला आढळला, तर ते पोते त्याच दिवशी निराळे काढावे. बुरशी धरलेला दाणा खाण्यातून आणि चाऱ्यातून बाद करावा; तो विकणे तर मुळीच योग्य नाही, कारण तो कोणाच्या तरी ताटात जातोच.

ज्यांच्या घरी ह्या वर्षी काम काढावयाचे आहे, त्यांनी शेजारच्या दोन-तीन घरांशी बोलून कागद व पट्टी एकदम आणावी. गुंडाळीने घेतलेला कागद स्वस्त पडतो, आणि फरशी उचलण्यास दोन माणसे अधिक मिळतात. ज्या घरी म्हातारी माणसे एकटी राहतात, किंवा ज्या घरचा कर्ता पुरुष कामासाठी हैदराबादला अगर पुण्याला गेला आहे, तेथील जमीन आधी तपासून घ्यावी. परीक्षेसाठी लागणारा दीड फुटाचा तुकडा कोणाच्याही घरी मिळेल. तेवढी परीक्षा येत्या आठवड्यातच करून ठेवावी, म्हणजे काम लागणार की नाही, आणि लागलेच तर किती, हे मृग निघण्यापूर्वी कळेल.